नावाड्याच्या बायकोची तिसरी रात्र

जोथम विकरशॅमला पहिल्यांदा बघितलं तेव्हा केटूरा डॉबिनला तो मयताचं माप घ्यायला आलेला माणूस वाटला. हे ती स्वतःच सांगायची, आणि सांगताना इतकी हसायची की एप्रनचं टोक डोळ्यांना लावावं लागायचं.

तिचं तरी काय चुकलं हो? नाटकघराच्या मागच्या दारात एक लांबुडका, फिकट माणूस उभा. राखाडी कोट, त्याला एक चकचकीत बटण नाही. डोक्यावर ही एवढी काळी हॅट, आणि ती बाईमाणसापुढेही उतरवायची नाही असा चेहरा. खांद्यावर लांबलचक लाकडी खोकं. नेमका त्याच सकाळी कंपनीतला म्हातारा नट, राजाच्या भूमिका करणारा, वरच्या खोलीत वारलेला. केटूराने मान वर न करता सांगून टाकलं, "वर जा, डावीकडची खोली. पाय लांब आहेत हं त्यांचे, माप नीट घ्या. नाहीतर बिचाऱ्याला कायमचं गुडघे दुमडून झोपावं लागेल."

"मेणबत्त्यांना गुडघे नसतात," तो माणूस शांतपणे म्हणाला. "त्या कुठे ठेवायच्या ते तू सांग."

तू! केटूरा चाळिशीची, विधवा, कपडेपटाची सर्वेसर्वा. खुद्द मॅनेजर टोबायस हेझलटन तिला "डॉबिनबाई" म्हणायचा. ती सुई हातात धरून ताडकन उठलीच. मग तो कोट बघितला, ती हॅट बघितली, आणि डोक्यात उजेड पडला. हा क्वेकर पंथाचा. फिलाडेल्फियात ही मंडळी कोणाला नवीन आहेत? राष्ट्राध्यक्षालाही तू आणि दारातल्या मांजरालाही तू. देवाखेरीज कुणापुढे हॅट काढायची नाही. नाटकघर म्हणजे तर त्यांच्या लेखी नरकाचं मागचं दार. त्या दाराशी मेणबत्त्या विकायला मात्र हरकत नव्हती, कारण बापाचा कारखाना होता आणि नाटकवाले मेणबत्त्या जाळायचे पोत्याने.

पुढे झालं काय, की मेणबत्त्या पोचवून हा जाईचना. "नीट जळतात का बघतो," म्हणायचा आणि विंगेत उभा राहायचा. रोज. सहा वाजता नाटक सुरू व्हायचं आणि साडेदहाला संपायचं, तोवर हा मेणबत्त्या बघतोय! केटूरा म्हणायची, "अरे, असा बापजन्मात मेणबत्ती न बघितल्यासारखा काय उभा राहतोस? बस तरी." बसायचा नाही. त्याचे ओठ मात्र नटांबरोबर हलत असायचे.

दोन वर्षांनी चरबीच्या पिंपामागे बापाला कागदांचा गठ्ठा सापडला. हिशेबाचे नव्हते, नाटकाचे होते. मग क्वेकरांच्या सभेचे दोन वडीलधारे घरी आले, स्वयंपाकघरात तासभर गप्प बसले, आणि शेवटी विचारलं, "पश्चात्ताप होतो का तुला?" जोथम म्हणाला, "अजून तिसरा अंक व्हायचाय, त्याआधी कसा सांगू?" असं उत्तर दिल्यावर काय होणार! पुढच्या सभेत कागद वाचला गेला. चारशे माणसं बाकांवर. जोथम विकरशॅम यापुढे आमच्यातला नाही. समोर बायकांच्या बाकावर त्याची आई होती, तिने मान वर केली नाही.

तो केटूराच्या घरी मागच्या खोलीत राहायला आला. एक पेटी, एक दौत, आणि तोच कोट.

"माझं नाव आजवर एकदाच लोकांसमोर मोठ्याने घेतलं गेलंय, केटूरा," एकदा जेवताना तो म्हणाला. समोर तिने केलेलं पेपरपॉट सूप होतं, मिरीने जीभ पोळवणारं. "तेही मला घालवून द्यायला. आणखी एकदा घेतलं जावं. कशासाठी का होईना, पण घालवून द्यायला नाही."

"एवढंच ना? मी खिडकीतून ओरडते. सगळी गल्ली ऐकेल."

"तुझं ओरडणं मोजलं जात नाही. तू कोळशेवाल्यालाही तसंच ओरडतेस."

त्याचं म्हणणं खरं होतं. मोजलं जाणारं ओरडणं एकच होतं, आणि ते तिसऱ्या रात्रीचं. नाटकवाल्यांचा रिवाजच तसा. पहिल्या दोन रात्री नाटक कंपनीचं. लेखक कोण, कुठला, कुणी विचारायचं नाही. तिसरी रात्र लेखकाची. त्या रात्रीचा गल्ला त्याचा, आणि शेवटचा पडदा पडला की मॅनेजर पुढे येऊन त्याचं नाव भर नाटकघरात पुकारणार. चौथीपासून ते जाहिरातीतही छापणार. तिसरी रात्र लागलीच नाही तर तुमचं नाटक म्हणजे वाऱ्यावरची वरात.

आता या बिचाऱ्याचं नशीब बघा. पहिलं नाटक एका रात्रीत आटोपलं. दुसऱ्याला दोन रात्री मिळाल्या आणि मग पावसाने छप्पर गळायला लागलं. तिसरं तर हेझलटनने "लंडनच्या एका सद्गृहस्थाने लिहिलेलं" असं छापून लावलं, कारण आपल्या माणसाने आपल्या गावात लिहिलेलं नाटक बघायला आपलीच माणसं तिकीट काढत नव्हती. ते दोन रात्री चाललं. लोक बाहेर पडताना म्हणत होते, "लंडनचं म्हणजे लंडनचंच हो!" आणि जोथम त्यांच्यासाठी दार धरून उभा. बाकी पोटासाठी त्याने काय काय लिहिलं म्हणून सांगू? विलायती नाटकांतले राजे खोडून तिथे सेनापती बसवले. चार जुलैच्या स्वातंत्र्यदिनाची गाणी लिहिली. नाचऱ्या अस्वलाच्या मालकाला प्रास्ताविक लिहून दिलं, ते मात्र सहा महिने चाललं. केटूरा त्याला चिडवायची, "बघ, तुला खरा नट एकच भेटला."

आणि मग त्याने 'नावाड्याची बायको' लिहिलं.

गोष्ट साधी. नदी चढलेली, नावाडी परतलेला नाही, बायको काठावरच्या झोपडीत वाट बघते, आणि एकेक शेजारी येऊन तिला सांगतो की आता दार लाव, तो काही येत नाही. बायकोचं काम लोविसा हार्करचं होतं. लोविसा म्हणजे धिप्पाड, कमरेत चांगली भरलेली, हसली की कपडेपटातल्या बरण्या वाजायच्या. जोथमशी तिचं रोजचं भांडण. त्याने लिहिलं होतं, "दार लाव, मी जागी आहे." ही म्हणायची, "दार राहू दे, मी जागी आहे." तो विंगेतून हात वर करायचा, आणि ही टाळ्या घेऊन आत आली की म्हणायची, "जोथम, माझ्या राजा, नवरा बाहेर असताना दार कोणती बाई लावते? तुझं लग्न झालेलं नाही हे ओळीओळीतून दिसतं रे!"

दोन रात्री नाटकघर भरलं. तिसरी शनिवारी होती. शुक्रवारी गोदीजवळच्या घरांतून पिवळा ताप निघाला.

ते दिवस केटूरा सांगत नसे. कापूर, व्हिनेगरचे बोळे, रस्त्यात पेटवलेला डांबराचा दोर, आणि चर्चच्या घंटा वाजवायच्या बंद केलेल्या, कारण मग दिवसभर वाजतच राहिल्या असत्या. लोविसा चौथ्या दिवशी गेली. नियम होता, आजाऱ्याचं सगळं जाळायचं. केटूराने स्वतः तिची गादी जाळली, नाटकातला तो निळा झगा जाळला, आणि उशाखाली तिची नक्कल सापडली तीही जाळली. नक्कल म्हणजे प्रत्येक नटाला दिलेली गुंडाळी असते. तिच्यात त्याची तेवढी वाक्यं, आणि आधीच्या माणसाच्या वाक्याची तीन-चार शब्दांची शेपटी, म्हणजे आपण कधी बोलायचं ते कळतं. अख्खं नाटक लिहिलेली वही एकट्या प्रॉम्प्टरजवळ. लोविसाची नक्कल काही केल्या पेटेना, एवढंच केटूराला आठवत होतं. व्हिनेगरने ओली झाली असेल म्हणून तिने ती चिमट्याने निखाऱ्यात दाबून धरली होती.

नाटकघर तीन महिने बंद राहिलं. तिसरी रात्र गेली ती गेलीच.

तीन वर्षं गेली. एका ऑक्टोबरात हेझलटनने लंडनहून मागवलेली नव्या नाटकांची पेटी समुद्रातच कुठेतरी रखडली. मंगळवारी खेळ, आणि नाटक नाही! मॅनेजर केस उपटत फिरत होता. तेव्हा प्रॉम्प्टर स्कीन, तीस वर्षं वही आणि घंटा सांभाळलेला वाळका म्हातारा, बोलला, "'नावाड्याची बायको' आहे की. सगळ्यांच्या नकला पेटाऱ्यात पडल्यात. माणसंही तीच आहेत. फक्त..."

"फक्त बायको नाही," हेझलटन म्हणाला. "ती लँकस्टरहून आलेली पोरगी उभी करू."

ती ऑर्पा केंट. एकोणीस वर्षांची, काडीसारखी, आवाज असा की शेजारच्याने शिंक दिली तर विरून जावा. जोथमने केटूराच्या टेबलावर बसून एका बैठकीत तिच्यासाठी नवी नक्कल उतरवली. दोनदा टेबलावर शाई सांडली.

"भूक लागली असेल," केटूरा म्हणाली.

"मंगळवार, बुधवार, शुक्रवार," तो म्हणाला. "शुक्रवारी तिसरी."

"आधी मंगळवार तर उजाडू दे."

तालीम सकाळी दहाला. पण नाटकघरात दहा काय आणि पाच काय, खिडकी नावालाही नाही. रंगमंचावर चार मेणबत्त्यांचं एक शमादान, आणि समोर रिकामे बाक अंधारात बुडालेले. केटूरा विंगेत झग्याची पट्टी शिवत बसली होती. शेजारी झालेल्या नटाने वाक्य संपवलं, "...बाई, नदी चढली आहे." आता ऑर्पाने बोलायचं.

"चढू दे. नदीची नि माझी ओळख कालची नाही."

आवाज भरदार, खालून उचलून आलेला. केटूराची सुई बोटात गेली. पहिला विचार आला, हा मेला जोथम! अंधारात बसून लोविसाची नक्कल करतोय, एवढी कसली हौस! तिने रागाने मान वळवली, तर जोथम तिच्याच शेजारी उभा. तोंडात आल्याच्या केकचा एवढा मोठा तुकडा, गाल फुगलेले. तो चावायचा थांबला होता.

"छान!" हेझलटन खालून ओरडला. "पोरी, असाच आवाज ठेव!"

ऑर्पा वळली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "मी अजून बोललेच नाही, साहेब."

स्कीनने वहीवरचं बोट उचललं नाही. "पुढचं घ्या," एवढंच म्हणाला. पुढचं घेतलं. कधी ऑर्पा बोलायची, बारीक, चाचरत. आणि कधी तिने श्वास घ्यायच्या आत वाक्य होऊन जायचं. शेवटच्या प्रवेशात शेजारी म्हणाला, "...आता कोण येणार?" आणि उत्तर आलं, "दार राहू दे, मी जागी आहे."

ऑर्पाच्या नकलेत "दार लाव" होतं. स्कीनच्या वहीतही तेच. जोथमने केक गिळला, दोन पावलं पुढे गेला, आणि अंधाराकडे बघून म्हणाला, "लोविसा, ती ओळ मी तशी लिहिलेली नाही."

नंतर केटूरा म्हणायची, त्या वेळी तिला खरी भीती कशाची वाटली असेल तर ती याची, की आता उत्तर येणार.

आलं नाही. फक्त चारही मेणबत्त्यांच्या ज्योती एका बाजूला कलल्या, कुणी झग्याचा भरगच्च घोळ सावरत जवळून गेल्यासारख्या, आणि हवेत व्हिनेगरचा वास आला.

संध्याकाळी केटूराने तसाच नवा निळा झगा ऑर्पाच्या मापाचा केला. कमरेत दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटं आत घेतली, पक्की दुहेरी टीप घातली, कुलूप लावून घरी गेली. सकाळी येऊन बघते तर कंबर सैल. उसवलेली म्हणावी तर एकही दोरा तुटलेला नाही. टीप जशीच्या तशी, फक्त जागा बदललेली. दोन बोटं बाहेर. बारीक, सरळ, अगदी केटूराच्या हातची टीप. तिने टेप काढून मोजलं. लोविसाचं माप. हे माप तिला वहीत बघावं लागत नव्हतं.

तिने पुन्हा आत घेतलं. रविवारी पुन्हा बाहेर. सोमवारी ती झग्यापुढे नुसतीच उभी राहिली. "बरं बाई," ती म्हणाली, "तुझंच खरं. पण पोरीला घाबरवू नकोस, ती अंगाने एवढुशी आहे." आणि तिने सुई ठेवून दिली.

ऑर्पा मात्र घाबरली होतीच. ती केटूराच्या स्वयंपाकघरात येऊन रडली. "मावशी, मी घरी जाते."

"जा की. पण मग मंगळवारी कोण उभं राहणार?"

"ती राहील!"

"तिला उभं राहता येत नाही गं, म्हणून तर," जोथम म्हणाला. तो हे इतक्या सहज बोलला की दोघी बायका त्याच्याकडे बघतच राहिल्या. "ऑर्पा, तुला काही इजा केली तिने?"

"नाही."

"हात लावला?"

ऑर्पाने विचार केला. "एकदा मान सरळ केली. मी वाकून उभी होते तेव्हा. हनुवटीखाली बोट लावून."

"मला रोज करायची तसं," केटूरा म्हणाली, आणि मग तिलाच कळलं की आपण काय बोललो. उठून उगाच सूप ढवळायला लागली.

ऑर्पा राहिली. का राहिली, तर म्हणे बोट थंड होतं पण मायेचं होतं. पोरींचं काही कळत नाही.

बातमी लपते होय! सोमवारी दुपारी गोदीपासून बाजारापर्यंत एकच चर्चा. हेझलटनला वाटलं नाटकघर ओस पडणार. पण कॉफीहाउसमध्ये लोक त्याचा हात धरून विचारू लागले, "खरं का हो, हार्करबाई बोलतात?" मॅनेजरच तो! त्याने एक भुवई वर केली, ना हो म्हणाला ना नाही, आणि तडक छापखाना गाठला. संध्याकाळी भिंतीभिंतीवर नवी जाहिरात: 'नावाड्याची बायको', मूळ संचात.

केटूराने ते वाचलं आणि म्हणाली, "हेझलटनसाहेब, असं लिहू नका. ती कुणाची जाहिरात करायला आलेली नाही."

"अहो डॉबिनबाई, मी कुठे नाव घेतलंय? बाकीचे पाच जण मूळचेच आहेत ना?"

मंगळवारी सहाच्या आधीच बाक भरले. खाली बसणारे खलाशी आणि सुतार, वरच्या सज्जात कोचमन, बाजूच्या खणांत पंखे घेतलेल्या बायका. नेहमी खालचे लोक अक्रोड फोडत बसतात. त्या दिवशी कुणी फोडला नाही. पडदा वर गेला. ऑर्पा निळ्या झग्यात उभी होती. विंगेत घालताना तो झगा तिच्या अंगावर पोत्यासारखा लोंबत होता, केटूराने स्वतः बघितलं होतं. दिव्यांच्या उजेडात तो भरला. कंबर, खांदे, सगळं. शेवटची पिन केटूराच्या दातांत राहून गेली होती. ती लावायची गरजच उरली नव्हती.

"...बाई, नदी चढली आहे."

ऑर्पाचा जबडा मिटलेला. केटूरा तिच्यापासून चार हातांवर होती, तिला ते स्पष्ट दिसत होतं. आवाज आला तो ऑर्पाच्या डोक्याच्या थोडा वरून. लोविसा तिच्यापेक्षा वीतभर उंच होती.

पहिल्या वाक्याला कुणी हललं नाही. दुसऱ्या वाक्याला तिसऱ्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या सुताराने टोपी काढली. मग त्याच्या मागच्याने. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी ज्यांनी तिला ऐकलं होतं ते एकेक करत टोप्या काढून मांडीवर ठेवत गेले. वरून बघणाऱ्यांना वाटलं असेल, उकडत असेल. पूर्ण नाटकात ऑर्पा एक शब्द बोलली नाही. चालायची वेळ आली की चालली, बसायची वेळ आली की बसली. शेवटी "दार राहू दे, मी जागी आहे," असं होऊन गेलं, स्कीनने घंटा वाजवली आणि पडदा खाली आला.

बाहेर काठ्या, बूट, मुठी, बाक, जे मिळेल ते आपटायला लागले. धुरळा उडाला. "लेखक! लेखक कोण?" कुणीतरी ओरडलं.

हेझलटन कोट ओढत पडद्याकडे निघाला. जोथम आडवा उभा राहिला.

"टोबायस, माझं नाव पुकार."

"शुक्रवारी, विकरशॅम. आज पहिली रात्र आहे. बाजूला व्हा."

"आज तिसरी आहे."

"काय?"

"दोन तापाच्या आधी. एक आज. तुला तीनपर्यंत मोजता येतं ना?"

बाहेर बाक धडधडत होते. हेझलटन घामाघूम. "अहो, तीन वर्षं झाली त्याला! असं कुठे असतं का?"

"स्कीन," जोथम म्हणाला, "रिवाजात 'लागोपाठ' असं कुठे आहे?"

म्हाताऱ्याने वही मिटली. "नाही. तिसरी म्हणजे तिसरी. एकदा मध्ये अख्खं युद्ध झालं होतं, तरी धरली होती आम्ही."

"बरं!" हेझलटनने बोट वर केलं. त्याला आठवलं होतं. "पण मुख्य पात्र बदललं की मोजणी पहिल्यापासून! हाही रिवाज आहे. सांगा, स्कीन!"

स्कीनने नाइलाजाने मान हलवली. आहे.

"झालं तर मग. बाई बदलली. आज पहिली. गल्ला कंपनीचा, आणि नाव शुक्रवारी." तो पुन्हा निघाला.

केटूराला जोथमकडे बघवेना. शुक्रवारचा काय भरवसा? याच्या आयुष्यात शुक्रवार कधी धड आला होता? पण जोथम जागचा हलला नाही.

"बदलली? ऑर्पा, आज तू किती शब्द बोललीस?"

"एकही नाही," ऑर्पा म्हणाली. पहिल्यांदाच तिचा आवाज जरा ऐकू येण्यासारखा निघाला.

"अहो, पण उभी तीच होती ना!" हेझलटन किंचाळला.

"उभा तर तो खांबही होता, टोबायस. त्याला नक्कल दिली होतीस का तू?"

"हे... हे सगळं पोरीचं सोंग आहे! पोटातून आवाज काढते ती! बाजारात करतात तसं!"

"मग बाहेर जाऊन तेच सांग," जोथम म्हणाला. त्याने आवाज चढवला नव्हता. "लोकांना सांग की पोरगी पोटातून आवाज काढत होती आणि तू भिंतीवर 'मूळ संचात' असं खोटं छापलंस. मग आज पहिली रात्र. मी कबूल."

बाहेर एक बाक मोडल्याचा आवाज झाला. हेझलटनने पडद्याच्या फटीतून बघितलं. खलाशी उभे राहिले होते.

"आणि छापलंस ते खरं असेल, तर बाई तीच आणि रात्र तिसरी. दोन्हींपैकी कुठलंही घे. माझी हरकत नाही."

"साहेब," केटूरा मधे पडली, "लवकर काय ते ठरवा. ते झुंबर फुटलं तर आपल्याला परवडायचं नाही."

हेझलटनने एकदा स्कीनकडे बघितलं, एकदा ऑर्पाकडे, आणि मग, इच्छा नसताना, तिच्या डोक्याच्या थोडं वर. तिथे काही नव्हतं. त्याने पडदा सारला आणि तो बाहेर गेला. आपटणं थांबलं. केटूराला प्रत्येक अक्षर ऐकू आलं. आज तिसरी रात्र. हे नाटक लिहिणारे गृहस्थ लंडनचे नाहीत, याच गावचे आहेत. त्यांचं नाव जोथम विकरशॅम.

सातशे माणसांनी ते नाव परत ओरडलं. जोथम भिंतीला तळहात टेकून उभा होता, ऐकू कमी येणारा माणूस उभा राहतो तसा, मान एका बाजूला. केटूराने पुढे होऊन त्याच्या राखाडी कोटावरची धूळ झटकली.

हेझलटन आत आला तो धुमसतच. हरलेला माणूस काहीतरी परत मिळवल्याशिवाय झोपत नाही. "मिळाली ना तिसरी? आनंद आहे. पण ऐका. उद्यापासून ऑर्पाने स्वतः बोलायचं, म्हणजे बाई बदलली. उद्याची रात्र पहिली धरायची, म्हणजे जाहिरातीत नाव नाही."

"ऑर्पा बोलली तर पहिली," जोथम म्हणाला. "लोविसा बोलली तर चौथी. आता तिलाच विचार."

"कुणाला?"

जोथमने हनुवटीने रंगमंचाकडे दाखवलं. पडद्याच्या आत एकच मेणबत्ती उरली होती. निळा झगा ऑर्पाने केव्हाच उतरवून स्टुलावर टाकला होता, आणि तो अजून कमरेत भरलेलाच होता.

हेझलटनने हॅट डोक्यावर दाबली. "चौथीच धरा," तो म्हणाला, आणि मागे न बघता दाराकडे चालू लागला.